ओल्या फडक्यातलं जाळं

दि. ६ मार्च

चि. टिटवीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. सोबत एक कानउघाडणी आहे, ती आधी उरकून घेतो.

तू बेडूक मोजणाऱ्या केंद्राची प्रमुख झालीस हे मला तुझ्या आईकडून कळावं? माझी थोरली बहीण, जी बेडूक दिसला तरी पाल म्हणून किंचाळते, तिने मला ही बातमी द्यावी आणि मी खजील होऊन 'असं का' म्हणावं, हे काही बरं दिसत नाही. आमच्या दरीत फोन लागत नाही, कबूल. पण टपालाची गाडी दर आठवड्याला येते, आणि तुला लिहिता-वाचता येतं अशी माझी समजूत होती. असो. मामीने बातमी ऐकून डोळे पुसले. मी पुसले नाहीत, पण चष्मा काढून ठेवला होता. हे ती तुला कळवेलच, म्हणून मीच सांगून टाकतो.

आता कामाचं. पेटी तुझ्याकडे यायला निघाली आहे. सात देशांच्या ओढ्यांत फिरणारं आपलं जाळं पहिल्यांदाच तुझ्या पाण्यात उतरणार. त्याची गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस, पण मामी म्हणते आणखी एकदा ऐकलीस म्हणून कान झडणार नाहीत. सात देशांच्या समितीच्या पहिल्या बैठकीला सगळे आपापले बेडूकमाशांचे आकडे घेऊन आले होते आणि कुणाचा आकडा कुणाला पटत नव्हता. बेडूक सातही डोंगरांत तोच, नखाएवढा, पेल्यावर चमचा वाजवावा तसा ओरडणारा. पण बेडूकमासे पकडायचं जाळं ज्याचं त्याचं वेगळं. कुणाची भोकं मोठी, कुणाची बारीक. दोन दिवस नुसती हमरीतुमरी चालली. शेवटी मी उठून म्हणालो, जाळं एकच ठेवा आणि तेच सगळीकडे फिरवा. झालं. दुभाषी बाईसुद्धा भाषांतर सोडून टाळ्या वाजवायला लागली. आज इतक्या वर्षांचे आकडे त्या एका जाळ्यावर उभे आहेत. पेटीवर सातही देशांच्या सह्यांचं पत्र चिकटवलेलं असतं, त्यामुळे सीमेवर कुणी झाकण उघडत नाही. माणसांचे एवढे लाड होत नाहीत.

काम झालं की जाळं ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धू. साबण नको, औषध तर मुळीच नको. बेडूक कातडीने पाणी पितो, श्वासही कातडीनेच घेतो. औषधाचा अंश धाग्यात राहिला तर पुढच्या देशातले बेडूकमासे तडफडतील. आणि जाळं वाळू देऊ नकोस. सुती धागा वाळला की आखडतो, भोकं बदलतात, सगळे आकडे पाण्यात. ओल्या फडक्यात गुंडाळून वर मेणकापड, मग पेटी बंद. ही ओल्या फडक्याची अक्कल माझी. मला त्याचा गर्व आहे आणि या वयात तो लपवण्यात अर्थ नाही.

आमचा ओढा चार वर्षं गप्प आहे. वरच्या अंगाला रस्ता झाला, त्याची माती पाण्यात येते. दुसरं काय असणार. तुझ्या ओढ्याचा आवाज कसा आहे ते सविस्तर लिही. इथं ऐकायला मिळत नाही, तर निदान वाचायला मिळू दे.

मामीचा गुडघा कुरकुरतो, मी मामीवर कुरकुरतो, बाकी क्षेम. भाचीचा जीव मामावर आहे तो तसाच राहू दे, पण जरा कागदावरही उतरू दे.

तुझा,
मामा


दि. २ एप्रिल

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. त्यातलं विशेष हे की मी चुकले, कान धरले, आणि आईलाही बजावलं की यापुढे माझ्या बातम्या तिने फोडायच्या नाहीत. ती म्हणाली, मग तू लग्नाची बातमी तरी दे, ती मी फोडेन. त्यावर मी फोन ठेवला.

पेटी पोचली. मेणकापड सोडलं तेव्हा आतलं फडकं खरंच ओलं होतं, इतके आठवडे प्रवास करून. आमच्या स्वयंपाकीणबाई बघायला आल्या होत्या. त्यांना वाटलं, इतक्या देशांतून येतंय म्हणजे काहीतरी चकचकीत असणार. जाळं बघून म्हणाल्या की असलं तर त्यांच्या वडिलांकडेही होतं.

मामा, तुम्ही आवाजाचं विचारलंत. केंद्राच्या मागच्या दारातून निघालं की पायऱ्या उतरेपर्यंत आपल्याच बोलण्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. एखाद्या मोठ्या जेवणावळीत सगळ्यांनी एकदम पेले वाजवावेत तसं. नवीन ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात कानात बोळे घालून झोपायचा. आता त्याला त्याशिवाय झोप येत नाही. जाळं पहिल्यांदा टाकलं आणि वर काढलं तर काळं झालेलं, इतके बेडूकमासे. हात थरथरत होते माझे. गार पाण्यामुळे, असं मी मदतनिसांना सांगितलं.

तुम्ही नाक मुरडाल, पण मी आमच्या प्रयोगशाळेच्या पद्धतीने बेडकांच्या पोटावरून कापसाची काडी फिरवून घेतली. काही काड्या पेटी येण्याआधी घेतल्या, काही जाळं टाकल्यानंतर महिनाभराच्या आत घ्यायच्या आहेत. बेडकांच्या कातडीला हल्ली एक बुरशी लागते, तिची तपासणी. आमच्या विद्यापीठात सगळेच करतात, त्यात विशेष काही नाही.

एक गंमत मात्र लक्षात आली. पेटीतल्या नोंदीप्रमाणे आधीच्या सगळ्याच केंद्रांचे ओढे थोडेफार गप्प झालेत. तुमच्याकडे रस्ता, बंदराच्या देशात मेंढ्या धुण्याचं औषध, तिसरीकडे उन्हाळा. प्रत्येकाचं कारण वेगळं. पेटी कुणाकडून कुणाकडे गेली, तो क्रम तुम्हाला आठवतो का? सहज विचारते.

मामीच्या गुडघ्याला माझा नमस्कार. तुमची माया आहेच, ती कानउघाडणीच्या रूपात आली तरी चालेल.

तुमची,
टिटवी


दि. २७ एप्रिल

चि. टिटवीस,

मामाचे आशीर्वाद, पोटभर. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यातला पायऱ्यांचा भाग मामीला मोठ्याने वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती, ती थांबली. आमच्या लग्नानंतर ती या घरात आली तेव्हा ओढा असाच होता. पहिल्या रात्री ती म्हणाली होती की हे बंद कधी होतं. मी म्हणालो होतो, कधीच नाही. परवा तिनं त्याची आठवण करून दिली.

क्रम विचारतेस म्हणजे काय? क्रम मला झोपेत विचार. बंदराचा देश, मग खालच्या सरोवराचा, मग आम्ही, मग उत्तरेकडचे दोन, मग बेटावरचं केंद्र, आणि फेरी पुन्हा बंदराला. सातवा देश तुझा, तो सहीला पहिल्यापासून होता, पण केंद्र आत्ता झालं, ते बंदर आणि सरोवर यांच्या मध्ये घातलंय. पण सरोवरवाल्यांचं केंद्र यंदा दुरुस्तीला बंद आहे, तेव्हा तुझ्यानंतर पेटी सरळ माझ्याकडे. गप्प होण्याचा क्रम विचारत असशील, तर तोही जवळपास असाच आहे. मला वाटतं हवा तशी बदलत गेली असावी. जग सगळीकडेच बिघडतंय, टिटवी. त्याला काय करणार.

समितीचं पत्र आलं. ऑक्टोबरच्या बैठकीत माझा सत्कार करायचं सातही देशांनी एकमताने ठरवलंय. सात देशांचं एकमत. मागे चहाच्या सुट्टीच्या वेळेवरसुद्धा झालं नव्हतं. मला जाळ्यावर बोलायला सांगितलंय. मी भाषण लिहायला घेतलंय आणि मामीने आत्तापासून माझा कोट उन्हात टाकलाय. तू येशील तेव्हा पुढच्या रांगेत बस, म्हणजे मी चुकलो तर तुझ्या तोंडावर कळेल.

पेटी वेळेवर पाठव. आणि हो, फडकं ओलं.

आमची माया कमी पडत असेल तर सांग, मामीकडची उसनी घेऊन पाठवतो.

तुझा,
मामा


दि. २१ मे

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. घाईत आहे, म्हणून थोडक्यात.

पेटी पाठवायला जरा उशीर होतोय, इथल्या कागदपत्रांमुळे. काळजी करू नका. दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या. जाळं कधी कुणी पूर्ण वाळवलं होतं का? एकदा तरी? कुणी कधी गरम पाण्यातून काढलं होतं का? आणि तुमच्या कपाटात स्पिरिटमध्ये ठेवलेल्या बेडकांच्या बरण्या आहेत, त्यातली एक ओढा गप्प होण्याच्या आधीची आणि एक त्याच वर्षीची मला पाठवाल का? आमच्या प्रयोगशाळेला जुने नमुने हवे आहेत.

भाषण किती झालं? फार लांबवू नका.

मामीला सांगा, गुडघ्याला शेक घ्या म्हणावं. तुम्ही दोघं मला हवे आहात, इतकंच.

तुमची,
टिटवी


दि. ११ जून

चि. टिटवीस,

आशीर्वाद. बरण्या पाठवल्या आहेत, भुशात नीट बसवून.

तुझं पत्र मला आवडलं नाही. तू मामाला लिहितेस की जबानी घेतेस? वाळवलं का, उकळलं का. नाही वाळवलं. कुणी वाळवू नये म्हणून तर मी जन्मभर सगळ्यांच्या मागे लागलो. उत्तरेकडच्या बाईने एकदा जाळं दोरीवर टाकलं होतं, तर मी तिच्याशी वर्षभर बोललो नव्हतो. आणि इथल्या कागदपत्रांमुळे उशीर म्हणतेस, तर त्या पेटीला कागदपत्रं लागत नाहीत हे मीच तुला शिकवलंय.

तू लहान असताना आमच्याकडे सुट्टीला यायचीस तेव्हा ताप लपवायचीस. ओढ्यावर जाऊ देणार नाही म्हणून. मामी कपाळाला हात लावायला आली की तू हसत पळायचीस. हे पत्र मला तसं वाटलं. आता कपाळ माझ्या हाताला लागत नाही एवढाच फरक.

भाषण तीन पानं झालंय. पुढे सरकत नाही. बसलो की तुझे प्रश्न आठवतात. काल ओढ्यावर जाऊन नुसता बसलो. मामी हाक मारून दमली.

जे असेल ते लिही. मी काही काचेचा नाही. माया पातळ करून पाठवू नकोस, आहे तशी पाठव.

तुझा,
मामा


दि. ६ जुलै

ती. मामांस,

शि. सा. न. हे पत्र मी पाच वेळा फाडलं. आईला विचारलं की तुम्हाला सांगू का, तर ती म्हणाली, सांगितलं नाहीस तर तो तुला माफ करणार नाही, आणि सांगितलंस तर तो स्वतःला. म्हणून सांगते.

मामा, ते जाळ्यातून गेलं. ती बुरशी पाण्यात जगते आणि ओलीत जगते. वाळली की मरते, औषधाने मरते. आपण ती ओल्या फडक्यात, मेणकापडात, पेटीत घालून, सगळ्या देशांच्या सहीने, कुठेही न उघडता, एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात नेली. बेडूक कातडीने श्वास घेतो आणि ही कातडीच धरते. तुमच्या आधीच्या वर्षाच्या बरणीतले बेडूक स्वच्छ आहेत. ओढा गप्प झाला त्या वर्षीचे, पेटी येऊन गेल्यानंतरचे, नाहीत. रस्त्याचा काही संबंध नव्हता. मेंढ्यांचाही नव्हता. ती कुठून शिरली माहीत नाही. पहिला ओढा तुमचा नव्हता, तुम्ही तिसरे.

वाळवायचं नाही, औषध लावायचं नाही, हे नियम तुम्ही बेडकांवरच्या मायेनेच केले होते. हे मला माहीत आहे आणि ते लिहिताना मला रडू येतंय, कारण त्याने काहीच बदलत नाही.

आता माझं. पेटी यायच्या आधी घेतलेल्या माझ्या सगळ्या काड्या स्वच्छ होत्या. नंतरच्या नाहीत. जाळं मीच टाकलं. हात थरथरत होते ते आनंदाने, आणि ते तुम्हाला लिहिलंही होतं.

ओढ्यातून ती काढता येत नाही. मी सगळ्यांना विचारून बघितलं. वाहत्या पाण्यात औषध टाकलं तर बेडूक आधी मरतील. समितीला कळवलं की पेटीची फेरी थांबवा आणि मला थोडे निरोगी बेडूक काचेच्या टाक्यांत हलवू द्या. ओढ्यातून काही उचलायचं नाही हा नियम आहे, तो मोडायला सातही देशांची संमती लागते. चारांनी लगेच दिली, फार प्रेमाने. एका देशात सरकार बदललं, तिथं सही करायला सध्या कुणीच नाही. एकाने विचारलंय की टाकीतले बेडूक कोणत्या देशाचे धरायचे. आणि बेटावरचे प्राध्यापक म्हणतात की जाळं बदललं तर इतक्या वर्षांची साखळी तुटेल, तेव्हा ऑक्टोबरच्या बैठकीत बोलू, तोवर वेळापत्रकाप्रमाणे चालू द्यावं. सचिवबाईंनी शेवटी लिहिलंय की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. हसावं की रडावं कळेना.

हे समितीला सांगू नका, पण परवानगीविना मी काही बेडूक उचललेच. स्वयंपाकीणबाईंनी काचेची सगळी भांडी रिकामी करून दिली, बर्फ टाकून पाणी गार ठेवलं. बेडकांना वाहतं पाणी लागतं, मामा. त्यांनी खाणं सोडलं. आठवडाभरात सगळे गेले. बाई मला म्हणाल्या की जाऊ दे, आणि मग त्याच भांडी घासताना रडत होत्या.

आवाज अजून आहे. पायऱ्यांवर उभी राहिले की आपलं बोलणं अजून ऐकू येत नाही. मी रोज जाते आणि रोज वाटतं की आज कमी आहे.

तुम्ही काही करू शकाल असं नाही. पण मला तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही. रागावलात तरी पत्र धाडा.

तुमची,
टिटवी


दि. ३० जुलै

चि. टिटवीस,

मामीचे अनेक आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, अक्षर लावून घे.

तुझं पत्र आलं ते यांनी दारातच उभ्याने वाचलं. मग आत येऊन घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले वाच. मी वाचेपर्यंत ते बाहेर निघून गेले. मला त्यातलं अर्धं कळलं, पण जे कळायला हवं ते कळलं. मग मी त्यांच्यामागे गेले नाही. कुठे बसले असतील ते ठाऊक होतं.

तेव्हापासून माणूस कामापुरता उठतो. जेवतो, ताट धुतो, बसतो. पहिले दोन दिवस मला तुझा राग आला होता, खरं सांगते. म्हटलं, या पोरीला म्हातारपणी याला हे ऐकवायची काय गरज होती. बेडूक तर गेलेच होते. मग म्हटलं, तिचे अजून जायचेत, ती तरी कुणाला सांगणार. आता राग नाही. तू जेवतेस का नीट?

काल यांनी आपल्या केंद्रातल्या पोरांना बोलावून आमच्याकडची सगळी जाळी, बूट, बादल्या अंगणात उन्हात मांडल्या. दिवसभर ऊन होतं. संध्याकाळी एकेक हातात घेऊन बघत होते की वाळली का. त्या पोरांना काही कळेना. मी त्यांना चहा देऊन घरी पाठवलं. वाळवून आता काय उपयोग, हे मी यांना विचारलं नाही.

एक विचारते, मला हसू नकोस. ते जाळं उकळून पुन्हा पाठवता आलं असतं का, आधी कधी? नसतं असं म्हण. खोटं असलं तरी चालेल.

माझ्या मायेचं काय लिहू. इथे दोघांसाठी केलेलं असतं, तरी मी तिघांचं करते.

मामी


दि. ११ सप्टेंबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद. मामीने तुला लिहिलं ते मला माहीत आहे. तू तिला 'उकळता आलं नसतं' असं लिहिलंस ते तिने मला दाखवलं. आभारी आहे. मला तसं लिहू नकोस.

मी सगळ्यांना पत्रं पाठवली. उत्तरेकडच्या त्या बाईला वेगळं पाठवलं, जिने जाळं दोरीवर टाकलं होतं. तिचं केंद्र त्या वर्षी वाचलं होतं, नंतरच्या फेरीत गेलं. तिने उत्तर दिलं की त्यात तुमचा दोष नाही, तुम्ही फार मोठं काम केलंत. त्यापेक्षा ती वर्षभर माझ्याशी बोलली नसती तर परवडलं असतं.

समितीला कळवलं की मला सत्कार नको. तर सचिवबाई लिहितात की सत्काराचा ठराव सातही देशांनी एकमताने केलेला असल्यामुळे तो मागे घ्यायलाही सातही देशांचं एकमत लागेल, आणि त्यातल्या एका देशात सध्या सही करायला कुणी नाही. म्हणजे तुझे बेडूक टाकीत न्यायला जो माणूस नाही, तोच माझा सत्कार थांबवायलाही नाही. हा नियमही बहुधा मीच सुचवला होता. आम्हाला तेव्हा वाटायचं की एकाने मोडलं तर सगळं मोडेल, म्हणून सगळं सगळ्यांच्या हातात ठेवलं. आता कुणाच्याच हातात काही नाही.

ऑक्टोबरला मी जाणार. माझं भाषण एक पानाचं आहे, तुझ्या पत्रातलं जवळजवळ तसंच. ते टाळ्या वाजवतील की काय याची मला भीती वाटते. सभ्य माणसं आहेत, वाजवतील.

आता एक काम सांगतो, ते मामाचं ऐकायचं म्हणून कर. पेटी वेळापत्रकाप्रमाणे माझ्याकडे पाठव. जाळू नकोस. तू नवीन आहेस, जाळलंस तर तुला काढून टाकतील आणि तुझ्या जागी वेळापत्रक पाळणारा कुणीतरी बसवतील. नियमाने पुढचा नंबर माझा आहे. इथं ती कुणाला मारू शकत नाही. मारण्यासारखं काही राहिलेलं नाही. पुढे ती किती दिवस ठेवायची हे माझ्यावर आहे आणि मी म्हातारा आहे, गुडघे दुखतात, टपालाला उशीर होतो. एवढंच माझ्या ताकदीचं उरलंय, तेवढं करू दे.

मामीच्या पत्रात आवाजाचं लिहिलं नाहीस. लिही. मायेखातर काही वगळू नकोस.

तुझा,
मामा


दि. ३ ऑक्टोबर

ती. मामांस,

शि. सा. न. पेटी आज पाठवली. या वेळी फडकं कोरडं आहे. जाळं मी उन्हात कडक वाळवलं, तीन दिवस. भोकं आखडलीत, आता त्याचे आकडे कुणाशी जुळणार नाहीत. बेटावरच्या प्राध्यापकांना कळवलं तर त्यांनी खेद व्यक्त केला.

तुम्ही सांगितलंत म्हणून आवाजाचं लिहिते. गेल्या आठवड्यात पहिले मेलेले दिसले. दगडांवर बसलेले होते, जिवंत असल्यासारखे. मी हात लावला तरी हलले नाहीत. काही जिवंत असूनही हलत नाहीत. दिवसा उन्हात येऊन बसतात, जे ते कधी करत नाहीत. पायऱ्यांवर उभं राहिलं की आता एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. ड्रायव्हर म्हणतो, त्याला झोप लागत नाही.

तरी आवाज आहे. वरच्या वळणाला, जिथं पाणी पडतं, तिथं अजून भरपूर आहेत. मी रोज तिथंच जाऊन बसते. नोंद घ्यायची म्हणून घेते. ती कशासाठी घेते, हे मदतनिसांनी विचारलं तर काय सांगू?

मामा, मला वाटायचं की आपण लक्ष ठेवतोय म्हणजे आपण त्यांना सांभाळतोय. तुम्हालाही तसंच वाटायचं ना? मला तुमच्याकडून काही उत्तर नको. नुसतं लिहीत राहा.

तुमची,
टिटवी


दि. २६ ऑक्टोबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद. पेटी पोचली. मी ती उघडून बघितली. जाळं चांगलं वाळलंय, कडकडीत झालंय. शाबास.

मदतनिसांना सांग की आपल्या हातून झालं, म्हणून शेवटपर्यंत तिथं आपणच असायला हवं. दुसरं कारण मला सुचलं नाही. सुचलं तर कळवीन.

आणि हो, वाटायचं. इतकी वर्षं मला अगदी तसंच वाटायचं.

तुझं पत्र यायला तीन आठवडे लागले. त्यात वरच्या वळणाला अजून भरपूर आहेत असं आहे. मी ते मामीला वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, बघा, आहेत अजून. मी तारीख तिला वाचून दाखवली नाही. तू लिहितेस तेव्हा ते असतात. मी वाचतो तेव्हा असतात की नाही, हे मला इथं बसून कळायला काही मार्ग नाही. हल्ली टपालाची गाडी वळणावर दिसली की मी आत जाऊन बसतो आणि पत्र मामीला घ्यायला लावतो.

परवा बैठकीला निघतो. कोट मामीने इस्त्री करून ठेवलाय. पुढच्या रांगेत बसायला तू येऊ नकोस. तू तिथंच राहा, ओढ्यापाशी.

तू मला रागाचं विचारलं होतंस. तुझ्यावर नाही. तुझ्यावरची माया तेवढी या सगळ्यातून धडधाकट बाहेर आली आहे, तिची काळजी करू नकोस. एकच मागतो. पत्र येत राहू दे. तिथला आवाज थांबेल त्या दिवशी तू लिहू नकोस, तुला जमणार नाही. पण तो थांबला हे मला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस.

तुझा,
मामा